बिनशिट्टीचं मैदान

"सर, पोरगं खेळाया धाडलंय का सराटे येचाया?"

छबूबाई शाळेच्या मैदानात उभी होती. डोक्यावर घासाचा भारा तसाच. तिचा वाल्मिक, दहावीतला, मधोमध उकिडवा बसून मुरमातले काटे वेचत होता, अन् त्याच्या आजूबाजूला सगळी टीम तशीच, कोंबड्या दाणे टिपतात तशी.

"येचायचेच तर आमच्या बांधावं काय कमी हायेत? तितं येच म्हनलं की ह्याची कंबर दुखती."

"काकू, आधी सराटे, मग बॉल," त्रिभुवन सर म्हणाले. "एक जरी राहिला तरी बॉलचा घात, नाहीतर पायाचा."

"आन् अब्यास?"

"तो त्याच्यानंतर."

"मंजी बॉलच्याबी मागं," असं म्हणून छबूबाई वळली. पण जाता जाता पायाखाली आलेला एक सराटा तिनं वाकून उचलला, भारा न सांडता, अन् लेकाच्या ओंजळीत टाकला.

मी हे सगळं किचन शेडमधून बघत होते. शाळेत मी खिचडी शिजवते. पोरं मला पुष्पामावशी म्हणतात, म्हणून सरही म्हणायचे.

सर श्रीरामपूरकडचे, ख्रिस्ती. नाव लुकस त्रिभुवन. शाळेनं त्यांना तासावर घेतलं होतं, कायम नव्हते. लहानपणी तिकडं मिशनच्या मैदानावर ते फुटबॉल शिकले, अन् ते येड घेऊन आमच्या गावात आले. आमच्या गावाला लाथाळी नवी नव्हती. फक्त त्यात बॉल नसायचा.

सरांची एक रीत मात्र न्यारी होती. ते शिट्टी ठेवत नव्हते. पोरांना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ज्याच्या हाताला बॉल लागला, त्यानं आपणहून हात वर करायचा. ज्यानं दुसऱ्याला पाडलं, त्यानंही. मी काही जन्मभर तुमच्या मागं शिट्टी घेऊन पळणार नाही."

गाव हसलं. पारावरचा राधाकृष्ण म्हणाला, "गुराख्याबिगर गुरं सोडलीत मास्तरनी. आता पीक गेलंच म्हना."

मला नवल वाटलं नाही. माझं माहेर शिंगणापूरचं, बिनदाराच्या घरात वाढलेली मी. सरांना म्हटलं, "आमच्याकडं दारं न्हवती, तरी चोरी व्हत न्हवती. पर सर, ती काय मानसं चांगली व्हती म्हनून न्हवं. शनिदेव बघून घील, ह्या भ्यानं."

सर हसले. "भ्यानं का होईना, चांगलंच झालं की मावशी. पण भ्या गेलं की ते चांगलंही जातं. मला पोरांच्यात भ्या नसताना जे उरतं ना, ते बघायचंय."

सुरुवातीला काही उरलेलं दिसलं नाही. कुणी हात वर करायचा नाही, अन् खेळ संपायचा तो गचांडी धरून. त्यात वाल्मिक सगळ्यात बेरकी. पेरूच्या बागेत धरला तर खिशात पेरू असताना झाडावर आळ घेणारा. एका संध्याकाळी मात्र बॉल त्याच्या कोपराला लागला. कुणी पाहिलं नव्हतं, सरही पाठमोरे होते. वाल्मिक चार पावलं पळाला, थांबला, अन् त्यानं हात वर केला.  सर वळले, पण त्यांनी शाबासकीसुद्धा दिली नाही. बॉल घेतला, दुसऱ्या बाजूच्या पोराच्या पायाशी ठेवला, खेळ चालू. त्या दिवसापासून एकेकाचे हात वर व्हायला लागले.

आता मैदानाचं सांगते. शाळेच्या वापरातलं असलं तरी ते ग्रामपंचायतीचं, अन् शिंगणापूरच्या रस्त्याला लागून. शनिवारी दर्शनाच्या गाड्यांची रांग आमच्या वेशीपर्यंत येते. त्या रांगेकडं बघून सरपंच आप्पासाहेबांना मैदानात वाहनतळ दिसायला लागला. सर ग्रामसभेत उभे राहिले, हात जोडले. आप्पासाहेब म्हातारे, गोड बोलणारे. म्हणाले, "सर, आमी का पोरांचं वैरी हाओत? जिल्ह्याचा कप आना. मैदान पोरांचं, माजा सबूद. न्हाई आला, तर मंग गावाच्या कामाला येऊ द्या."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या. आवळा देऊन कोहळा काढणारं माणूस मी ओळखते, पण खिचडीवालीला ग्रामसभेत कोण विचारतंय.

अन् पोरांनी खरंच कमाल केली. तालुका मारला. जिल्ह्यात एकामागून एक शाळा पाडत फायनलला गेली. त्या वर्षी पावसानं दडी मारली होती, कपाशी माना टाकून उभी होती, अन् गावात बोलायला चांगलं असं हेच एक होतं.

फायनल नगरला, सावेडीत. गोलकीपर परवेझ, त्याचा बाप महमूदभाई. त्यानं टेम्पो काढला. मी भाकरी अन् पिठलं घेऊन बसले. छबूबाई शेंगा उपटायच्या सोडून आली. म्हणाली, "येकदा बघते तरी, सराटे येचून काय उगवलंय ते."

समोर शहरातली शाळा. त्यांच्या पोरांच्या पायात चांगले बूट, आमच्यातले काही मागून आणलेले घालून. तरी आमची हटली नाहीत. शेवटची मिनिटं आली तरी दोन्ही बाजूंना भोपळा. मग कोपऱ्यावरून बॉल वर आला, गर्दीत वाल्मिक उडाला, अन् बॉल जाळ्यात. पंचांनी शिट्टी वाजवून गोल दिला. छबूबाईनं मला अशी मिठी मारली की पिठल्याचा डबा कलंडला. महमूदभाई टेम्पोचा हॉर्न दाबत होते.

अन् मला वाल्मिक दिसला. तो नाचत नव्हता. त्याचा हात वर होता.

पंच त्याच्याजवळ गेले. "काय झालं रे?"

"हाताला लागला सर."

"मला नाही दिसला."

"लागला, सर."

पंचांनी एकवार आभाळाकडं बघितलं. मग गोल काढून टाकला. आमची पोरं वाल्मिकभोवती गोळा झाली, कुणी त्याची कॉलर धरली, अन् परवेझ गोल सोडून पुढं धावत येऊन मध्ये पडला. तोवर समोरच्यांनी बॉल ठेवला, मारला, अन् पळत आमच्या मोकळ्या गोलात नेऊन घातला. तेवढ्यात खेळ संपला.

परतताना टेम्पोत कुणी भाकरीला हात लावला नाही. सर वाल्मिकच्या शेजारी बसले होते. म्हणाले, "बरोबर केलंस."

"मंग हारलो कसं, सर?"



गावात वाल्मिकचं नाव हरिश्चंद्र पडलं. छबूबाई तर दिसेल त्याला सांगायची, "सगळा हत्ती गेला आन् शेपटापाशी हात वर केला माज्या वाघानं." बोलून झालं की पदरानं तोंड पुसायची, डोळ्यांसकट.

आप्पासाहेबांनी मात्र त्याच्या पाठीवर थाप मारली. "गुनी पोरगं हाय," म्हणाले. अन् चार दिवसांत जेसीबी आला.

सराटे मुळासकट गेले. मुरमावर रोलर फिरला. एका बाजूचा गोल उपटला, दुसऱ्या बाजूचा तसाच ठेवला, कारण 'वाहनतळ' लिहिलेला बोर्ड बांधायला दोन खांब आयतेच मिळाले. दिवाळीनंतर सरांचे तास कुणी वाढवले नाहीत. भांडले नाहीत ते. बॉलमधली हवा काढली, घडी करून पिशवीत घातला, अन् एसटीत बसले.

शनिवारी गाड्या लावायला पोरं पाहिजे होती. आप्पासाहेबांनी आमचीच टीम रोजानं घेतली, अन् एकेकाच्या गळ्यात लाल दोरीची शिट्टी घातली. त्या मैदानावर शिट्टी वाजली ती अशी पहिल्यांदा.

परवा शनी अमावस्या होती. गाड्यांचा नुसता बाजार. वाल्मिक एका मोठ्या गाडीला मागं घेत होता, "येऊ द्या, येऊ द्या" करत. तेवढ्यात पलीकडून परवेझनं हाक मारली, ह्याची मान वळली, अन् गाडी गोलाच्या खांबावर. मागचा दिवा फुटला. गाडीवाला उतरला. भला माणूस होता. म्हणाला, "जाऊ द्या, माझंच आरशात लक्ष नव्हतं."

वाल्मिकनं हात वर केला. "न्हाई सायेब, माजं लक्ष न्हवतं. मी येऊ द्या म्हनलो."

मग काय, भला माणूस भला राहिला नाही. आप्पासाहेबांना बोलावणं गेलं. त्यांनी भरपाई मान्य केली, वाल्मिकच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली, अन् सगळ्यांदेखत एक ठेवून दिली. "तुला कुनी इचारलं व्हतं का? कुनी इचारलं व्हतं?"

घरी जायची त्याची छाती झाली नाही. भर उन्हात माझ्या ओट्यावर येऊन बसला. गालावर बोटं उठलेली. मी चुलीवर कालवण ठेवलं, अन् न राहवून परसात जाऊन सरांना फोन लावला. सर आता श्रीरामपूरला मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतात. सगळं सांगितलं.  मागं कुणीतरी खिळ्यांचा भाव विचारत होतं.

"मावशी," मग म्हणाले, "त्याला सांगा, आता बास कर म्हणावं. सगळीकडं हात वर करायचा नसतो. सरांचं चुकलं, असं सांगा. सांगाल ना?"

"सांगते," मी म्हणाले.

आत येऊन ताट वाढलं, कालवणाच्या पातेल्यासकट बाहेर नेलं अन् त्याच्यापुढं ठेवलं. वाल्मिकनं वर बघितलं.

"सरांचा फोन व्हता ना? काय म्हनलं?"

"म्हनले, त्या दिवशी बरोबर केलं अन् आजबी बरोबरच केलं."

त्यानं मान खाली घातली, अन् भाकरीचा तुकडा मोडला. माझं खोटं कुणी पाहिलं नाही. हात वर करायला हवा होता. पण एका हातात पातेलं होतं, अन् दुसऱ्या हातातल्या पळीनं मी त्याला कालवण वाढत होते.