कपाखालचा उंदीर

"आणि बशी उलटी करून बघायची नाही," रसेल म्हणाला. गाडीत बसल्यापासून हे तिसऱ्यांदा.

"अरे, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मागच्या नाताळात हॉटेलात काय केलंस? सूप भरलेली ताटली उचलून खालून वाकून बघत होतीस. वेटर बिचारा घाबरला, त्याला वाटलं झुरळ निघालं."

"ताटली उलटी तर नाही ना केली!"

स्टोक म्हणजे कपबश्यांच्या कारखान्यांचं गाव, तिथल्या माणसाला ही खोडच असते. त्याला जगात कुठंही जेवायला बसवा, पहिला घास तोंडात जायच्या आधी त्याचा हात ताटलीखाली जाणार. कुणाच्या कारखान्याचा शिक्का आहे ते बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आणि डोरीन माउंटफर्डनं तर तिथल्याच बर्स्लेमच्या डेलक्रॉफ्ट कारखान्यात सत्तावीस वर्षं कपबश्यांवर सोन्याच्या रेघा मारल्या होत्या. तिला कुणी ही शिस्त लावायची म्हणजे हद्दच झाली.

"अजून एक. कुणाला 'डक' म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"नावानं हाक मार, आई. सगळं जग नावानंच हाक मारतं."

स्टोकमध्ये बसचा ड्रायव्हर काय, पाद्री काय, पोटचं पोर काय, सगळेच डक. लाडानं म्हणतात. रसेललाही त्याची आई चौतीस वर्षं डकच म्हणत आली होती. पोराच्या होणाऱ्या बायकोला, टॅम्सिनला, आणि तिच्या आईला आज पहिल्यांदा भेटायचं होतं, आणि तेही ॲशमीअरच्या राजवाड्यात, दुपारच्या चहाला. त्यासाठी निळा कोट तिनं दोनदा धुऊन घेतला होता.

राजवाड्याचं फाटक दिसायला लागलं तसा रसेलनं गाडीचा वेग कमी केला. "आई, एक सांगायचं राहिलंय."

"राहिलंय कसलं, मुद्दामच ठेवलंयस. बोल."

"टॅम्सिनच्या घरी मी एकदा म्हणालो, आमचं घराणं डेलक्रॉफ्ट पॉटरीत होतं. त्यांना वाटलं, कारखाना आमचा होता."

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही. खोटं बोललो नाही मी. त्यांना जे वाटलं ते वाटू दिलं."

"म्हणजे मी मालकीण?" डोरीनला आधी हसूच आलं. मग तिनं दोन्ही पंजे पुढं केले. "अरे, माझे हात बघ. मालकिणीचे वाटतात का?"

"आजच्यापुरतं गं. लग्न होऊ दे, मग मीच सांगेन. शपथ."

आता खरं सांगायचं तर डोरीनची एकच इच्छा होती. मोठं घर नको, सहल नको. चारचौघांत एकदा तरी पोरानं म्हणावं, ही माझी आई, हिनं हातानं काम करून मला वाढवलं. आज तो म्हणेल या आशेवर तर तिनं कोट धुतला होता. तरी ती म्हणाली, "बरं." आईच ती. दुसरं काय म्हणणार?

चहा ऑरेंजरीत, म्हणजे राजवाड्याच्या काचेच्या दालनात होता. उंच खिडक्या, पांढरे टेबलक्लॉथ, आणि कुजबुजत बोलणारी माणसं. मिसेस वेरिकर, म्हणजे टॅम्सिनची आई, उठून सामोऱ्या आल्या. बाई उंच, कोरड्या, पण वागायला वाईट नव्हत्या. राजवाड्याच्या ट्रस्टवर होत्या, त्यामुळे यांच्या टेबलाची बडदास्त वेगळी होती. टॅम्सिन तर डोरीनच्या गळ्यातच पडली. पोरगी मोकळी होती. डोरीनला ती तिथल्या तिथं आवडली, आणि आवडली म्हणून जास्तच वाईट वाटलं. हिच्याशी कसलं खोटं बोलायचं!

काकडीचे सँडविच आले, स्कोन नावाचे छोटे गोडसर पाव आले, त्यांच्यासोबत जॅम आणि घट्ट साय. मिसेस वेरिकरांनी चहाची किटली उचलली. "दूध नंतरच ना, मिसेस माउंटफर्ड?"

"कप चांगला असेल तर नंतर," डोरीन पटकन बोलून गेली. "हलक्या मातीचा कप गरम चहानं तडकतो, म्हणून गरीब घरात दूध आधी घालायचे. याला काही होणार नाही. उजेडाकडे धरा, पलीकडची बोटं दिसतील."

रसेलचा पाय टेबलाखालून तिच्या पायावर आला. पण मिसेस वेरिकर खूश झाल्या. "बघ टॅम्सिन, याला म्हणतात घराणं! रक्तातच असावं लागतं."

डोरीननं सँडविचचा घास घेतला. उरलेलं ताटलीच्या कडेला सारलं.

"आज मी मुद्दाम जुना संच काढायला सांगितला," मिसेस वेरिकर म्हणाल्या. "एरवी हा कपाटातच असतो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी राजवाड्यासाठी खास करून घेतला होता. ही सोन्याची दुहेरी रेघ बघा. सगळी हातानं मारलेली, एक कुठं हललेली नाही."

डोरीननं इतका वेळ कपाकडे नीट बघितलंच नव्हतं. डावा डोळा कारखान्यातल्या रेघांनीच अधू केला होता, आणि उजव्यानं ती पोराचा चेहरा बघत होती. आता तिनं बघितलं. कडेला एक जाड रेघ, तिच्याखाली केसाएवढी बारीक.

ही रेघ ती विसरणार होती? तो अख्खा हिवाळा ती सकाळी सातला कप फिरवणाऱ्या फिरकीपुढं बसायची. ब्रशवरचं सोनं काकवीसारखं काळपट दिसायचं, ते भट्टीतून निघाल्यावरच सोनं व्हायचं. श्वास धरून रेघ मारायची, रेघ जुळली की श्वास सोडायचा. जाड रेघ सगळ्यांना जमायची. बारीक रेघ कारखान्यात दोघींनाच जमायची, आणि त्यातली एक त्या हिवाळ्यात बाळंतपणाच्या रजेवर होती.

तिनं चहा संपवला. कप खाली ठेवायचा होता, देवाशपथ खाली ठेवायचा होता. पण बोट तळाला लागलं, तिथं काहीतरी खरखरलं, आणि हातानं आपलं काम केलं. कप उलटा झाला.

रसेल जागच्या जागी थिजला.

डेलक्रॉफ्टचा शिक्का होता. त्याच्या बाजूला दोन बारीक ठिपके, आणि खाली एक वळलेली शेपटी. रेघ मारणारी प्रत्येक बाई कपाखाली आपली खूण करायची. ही डोरीनची खूण होती. याच संचातला एक कप भट्टीत जरासा वाकडा निघाला होता, म्हणून तिला घरी नेऊ दिला होता. सहा वर्षांचा रसेल त्यातून दूध प्यायचा. दूध संपलं की कप उलटा करून ओरडायचा, "आई, उंदीर!" तिच्या त्या खुणेला उंदीर हे नाव त्यानंच ठेवलं होतं.

"काय आहे हो ते?" टॅम्सिन पुढं वाकली. "अय्या, किती गोड! उंदरासारखं दिसतंय. आई, बघ ना!"

मिसेस वेरिकरांनी चष्मा लावला. "इतक्या वर्षांत मी कधी बघितलंच नाही. कसली खूण आहे ही, मिसेस माउंटफर्ड?"

डोरीननं पोराकडे बघितलं. मनात म्हणाली, सांग रे. तूच सांग. मी माझा शब्द मोडत नाही, पण तू सांगितलंस तर माझं काही म्हणणं नाही. हिची आई काही वाघीण नाही. पोरगी तर तुझ्यावर जीव टाकते. एक वाक्य बोल.

"रसेल, तुला माहीत असेल," टॅम्सिन म्हणाली. "तुमच्याच घराण्यातलं आहे की."

रसेलनं कप हातात घेतला, त्या खुणेवर अंगठा फिरवला आणि कप सरळ करून बशीत ठेवला.

"काही विशेष नाही गं. कुणातरी कामगार बाईची खूण असेल. कुणी किती माल केला ते कळायला करायच्या त्या."

"हो का?" मिसेस वेरिकर हळहळल्या. अगदी मनापासून हळहळल्या, तेच तर वाईट. "किती सुंदर हात असेल त्या बाईचा! आणि बिचारीला या कपातून घोटभर चहासुद्धा मिळाला नसेल."

"मिळाला असेल," डोरीन म्हणाली. "पण कडूच लागला असेल तिला."

त्यावर टॅम्सिन हसली, तिला ती गंमत वाटली. मिसेस वेरिकरांनी पुन्हा किटली उचलली. डोरीननं कपावर हात ठेवला. "नको. बास झालं."

पुढचा अर्धा तास लग्नाच्या फुलांवर, पाहुण्यांवर बोलणं झालं. डोरीन हो म्हणाली, छान म्हणाली, एक स्कोन कुस्करून तसाच ताटलीत ठेवला. निघताना टॅम्सिननं तिचे दोन्ही हात हातात घेतले. अंगठ्याजवळचा ब्रशनं पडलेला कठीण घट्टा तिला लागलाच असणार.

गाडी फाटकाबाहेर पडली तसा रसेलनं मोठा सुस्कारा सोडला. "बाप रे! जीव भांड्यात पडला. तू कप उलटा केलास तेव्हा वाटलं, संपलं सगळं. पण छान निभावलंस हं, आई. थँक्यू."

डोरीन समोरच्या रस्त्याकडे बघत होती. मघापासून ती एकाच गोष्टीला धरून बसली होती. पोरगं विसरलं असेल. किती लहान होतं तेव्हा. ठिपके बघितले असतील, ओळखले नसतील. विसरला असेल तर काही हरकत नाही, विसरतात मुलं.

"रसेल, उंदीर ओळखलास का रे?"

"म्हणजे काय! लगेच ओळखला." तो हसलासुद्धा. "म्हणून तर पटकन कप सरळ केला."

डोरीननं मान हलवली. पर्स मांडीवर घेतली, कोटाचं वरचं बटण लावलं.

"पुढच्या चौकात डावीकडे वळ."

"घरचा रस्ता सरळ आहे, आई."

"घरी माझी मी जाईन. स्टेशनवर सोड मला."

"अगं, असं काय करतेस? दोन महिन्यांची तर गोष्ट आहे. लग्न झालं की सांगणार आहे ना मी!"

"कारखान्याची मालकीण आहे ना तुझी आई? तिलाच बोलाव लग्नाला," डोरीन म्हणाली. "मला सहाची गाडी गाठायची आहे. डावीकडे घे, डक."