पाच घरच्या चकल्या

दिवाळीची सुट्टी संपून सोमवारी शाळा भरली, आणि पिंपरीच्या त्या पत्र्याच्या शाळेत इंदुताई वेळेवर हजर झाल्या. तेवढ्यावरूनच बाकीच्या बायांची कुजबुज सुरू. अहो, सुट्टी लागली त्याच आठवड्यात पोटची पोर तापानं गेली, साडेपाच वर्षांची, आणि ही बाई फळ्यावर बाराखडी काढतेय, डोळ्यांत टिपूस नाही. आता रडायचं काय कुणी शिकवतं का? रडू आलं नव्हतं, एवढंच. नवरा स्मशानातून परत आला तेव्हाही आलं नाही. दाढ काढताना सुई दिल्यावर गाल बधिर होतो ना, तशा त्या आतून झाल्या होत्या.

हेडमास्तर यशवंतराव माणूस भला. त्यांनी इंदुताईंना बाजूला बोलावलं. "बाई, येत्या जूनमध्ये तुमची पोर याच वर्गात बसायची होती. ही पहिलीची पोरं रोज डोळ्यांसमोर कशाला? तुम्ही सातवी घ्या. शनिवारी सांगा मला."

इंदुताई "बरं" म्हणाल्या. पहिली काय नि सातवी काय, त्यांना काहीच वाटत नव्हतं. आणि हे असंच कायमचं राहणार की काय, याचीच तेवढी मनातून भीती वाटत होती.

सुट्टीनंतर पोरं डब्यात फराळ आणतात. मधल्या सुट्टीत गोल बसायचं, वाटून खायचं, पहिला लाडू बाईंना. काळेवाडीकडून येणारी कस्तुरा मात्र कोपऱ्यात भाकरी-चटणी खात होती. मंगळवारीही तेच.

"तुझ्याकडं फराळ नाही केला गं?"

"न्हाई बाई. आईनं कढईच चढवली न्हाई."

इंदुताईंना त्याचा एकच अर्थ ठाऊक. ज्या घरचं माणूस जातं, तिथं त्या वर्षी कढई चढत नाही. फराळ शेजारपाजारचे आणून देतात. त्यांच्याच घरी असे डबे भरून पडले होते, कुणी हात लावला नव्हता. पोरीला पुढं काही विचारायचा धीर त्यांना झाला नाही.

गुरुवारी शाळा सुटल्यावर त्या पिशवीत कागदात बांधलेला फराळ घेऊन कस्तुराबरोबर तिच्या घरी गेल्या. कस्तुराचा बाप कंपनीत दुसऱ्या शिफ्टला गेलेला. आई चिमाबाई भाकरी थापत होती. बाईंना दारात बघून ती बावरली, हात पुसत उठली.

"तुमच्याकडं कोण गेलं?" इंदुताईंनी हळू विचारलं.

"कोन न्हाई बाई, समदी बरी हायती." चिमाबाईला काही उमगेना. पिशवी बघितल्यावर उमगलं, तशी ती हसली. "अवो, आमी दिवाळी करत न्हाई. बौद्ध धर्म घेतल्यापासनं सासऱ्यानं सोडली, आमीबी सोडली."

इंदुताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मास्तरकी करून एवढं साधं कळू नये? त्या पिशवी उचलायला लागल्या, पण चिमाबाईनं एव्हाना कागद सोडला होता. ती चकल्या बघत राहिली. एक काळपट, एक पांढरी, एक जाडजूड, एक काटे नसलेली, एक लालभडक. एकीसारखी दुसरी नव्हती, एका घाण्यातल्या त्या नव्हत्याच. तिचं हसू गेलं.

"बाई, ह्या पाच घरच्या हायत. कढई तुमच्याकडं चढली न्हाई व्हय?"

इंदुताईंनी मान हलवली.

"कोन गेलं?"

"मुलगी."

"नाव काय वो तिचं?"

एवढी माणसं भेटायला येऊन गेली, हे कुणी विचारलं नव्हतं. घरात तर ते नाव कुणी उच्चारायलाही धजत नव्हतं.

"सुमी," इंदुताई म्हणाल्या. कस्तुरा दाराशी उभी राहून ऐकत होती. चिमाबाईनं तव्यावरची भाकरी त्यांच्या पुढ्यात ठेवली, वर मिठाचा खडा नि कांदा. इंदुताईंनी ती सगळी खाल्ली. कितीतरी दिवसांनी तोंडाला मीठ लागलं.

शनिवारी सकाळची शाळा. यशवंतराव उत्तरासाठी दारात येऊन उभे राहिले. इंदुताई हजेरी घेत होत्या. नावं तोंडपाठ, मान वर करायचीही गरज नाही. कौसा, हजर. कस्तुरा, हजर.

"सुमी."

असं नाव वर्गात कुणाचंच नव्हतं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली, यशवंतराव दोन पावलं पुढं आले.

शेजारची मैत्रीण शाळेत आली नसली की सांगतात, त्याच सुरात कस्तुरा उभी राहून म्हणाली, "बाई, ती न्हाई आली."

"नाही आली," इंदुताई म्हणाल्या, आणि मग तिथंच, साऱ्या पोरांसमोर, त्या हुंदके देऊन रडल्या. पोरं भेदरली. यशवंतराव म्हणाले, "बाई, चला, ऑफिसात बसा जरा."

"नको सर." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "हाच वर्ग राहू द्या मला."

मग त्यांनी पुढचं नाव घेतलं.