लठ्ठ कुत्र्याची कादंबरी

माझी नात खुशबू लग्न होऊन नागपूरला गेली ते साल 2018. जाताना तिने सगळं नेलं, फक्त पलंगाखालचं एक खोकं इथेच राहिलं. त्यात कादंबऱ्या होत्या, सगळ्या प्रेमाच्या.

त्या वर्षी विहाराच्या छताचं काम निघालं होतं. म्हणून वर्षावासातलं, म्हणजे आषाढ ते आश्विन पौर्णिमेपर्यंतचं, धम्मग्रंथाचं वाचन कारखान्याच्या वसाहतीत सेक्टर 2 मधल्या आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात होत असे. स्टुलावर पांढरा कपडा, मेणबत्ती, त्रिशरण, मग वाचन. वाचायचं काम माझ्याकडे होतं. मी वाचायला शिकले ती पन्नाशीनंतर, त्यामुळे अजूनही ओळीवर बोट ठेवून वाचते. पटपट वाचणाऱ्याला कोणी अडवत नाही. मला मात्र सगळ्या बायका मध्येच अडवायच्या आणि आपलं मत सांगायच्या.

एका संध्याकाळी वाचन झालं, ग्रंथ कपाटात ठेवला, पुरुष उठून गेले. चहा व्हायचा होता. शेजारची वंदना खोक्यातलं एक पुस्तक काढून घेऊन आली.

"मावशी, चहा होईपर्यंत हे वाचा न थोडं."

मेणबत्ती जळतच होती. मी पुस्तक त्याच स्टुलावर ठेवून वाचायला घेतलं.

गोष्टीतली बाई पुण्याची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, घरात एक कुत्रा. कुत्रा इतका लठ्ठ झालेला की त्याला जिना चढता येईना. ती त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेते. डॉक्टर विचारतो, याला खायला काय देता? ती म्हणते, फक्त कुत्र्यांचं खाणं. डॉक्टर म्हणतो, मग याच्या मिशीला वरण कसं लागलं?

"डॉक्टर चांगला दिसते," वंदना म्हणाली.

"तुले कुठून दिसला वं?" मी म्हटलं. "इथं तर फोटोही नाही."

दोघं मिळून कुत्र्याला वजनकाट्यावर चढवतात, त्यात डोक्याला डोकं लागतं आणि डॉक्टर तिचा मुका घेतो. तिथे प्रकरण संपलं. मी पुस्तक मिटलं, आणि रोजच्या सवयीने सगळ्या बायकांनी हात जोडले. "साधु, साधु, साधु."

आतल्या खोलीतून माझे मालक चंपतराव ओरडले, "हे ग्रंथाच्या कोणत्या खंडातलं होय वं?"

वंदनाने तोंडात पदर कोंबला होता.

तेव्हापासून ग्रंथ झाला की कादंबरीचं एक प्रकरण, असा रिवाज पडला. फक्त स्टुलावरचा कपडा मी आधी उचलून ठेवायची.

ऐकायला माझी जाऊ जया पण असायची. दाराशी बसायची. तिचा नवरा, माझा धाकटा दीर, वारून सहा वर्षं झाली होती, मुलगा मोनू हैदराबादला नोकरीत, घरात ती एकटीच. त्या वर्षी जयासाठी मागणी आली होती. शामराव रेल्वेतून रिटायर झालेले, बायको वारलेली, इथेच जवळ जुनवानीत घर बांधलेलं. ते सरळ चंपतरावांकडे आले आणि विचारून गेले. आश्विन पौर्णिमेपर्यंत थांबतो, म्हणाले, नाहीतर घर भाड्याने देऊन बिलासपूरला मुलीकडे जातो. चंपतराव जयाला म्हणाले, माणूस चांगला आहे, तू म्हणशील तसं. जया म्हणाली, पाहू. मोनू फोनवर, इथल्या सगळ्या पोरांसारखा हिंदीतच, म्हणाला, "मम्मी, इस उमर में? लोग क्या बोलेंगे?"

हे सगळ्या बायकांना माहीत होतं. जयाला कोणी काही म्हणत नसे. जे म्हणायचं ते कादंबरीतल्या बाईला म्हणत.

"डॉक्टर इतका मागं लागून राहिला, तर ही कावून नाही म्हणून राहिली?" वंदनाने एकदा विचारलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "पोरगा काय म्हणीन, म्हणून."

"तिले पोरगा नाही," मी म्हटलं.

"नाही का? मले वाटलं, आहे."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मग जयाच म्हणाली, "पोरगा नसून नाही म्हणते, म्हणजे कारण दुसरंच आहे. वाचा, अक्का."

पौर्णिमा जवळ आली तेव्हा ते प्रकरण आलं. डॉक्टर न सांगता तिच्या घरी जातो. ओट्यावर भाताचं मोठं पातेलं, आणि घरात माणूस एकच. तो म्हणतो, आता चोर सापडला. बायका हसत होत्या. मी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. ती म्हणते, मला एकटीपुरता भात लावता येत नाही. हात दोघांचाच घेतो. उरतो तो याला घालते.

मी ते माझ्या चालीने, एकेक शब्द वाचलं. हसायला उघडलेली तोंडं तशीच राहिली.

जया रोज दुपारी आमच्याकडे स्टीलचा डबा आणायची. उरलं होतं, म्हणायची. चंपतराव ते खायचे. इतकी वर्षं रोज कसं उरतं, हे आम्ही दोघांनीही तिला विचारलं नव्हतं.

"चहा पाहते," म्हणून ती उठली. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. फोनवर होती.

"मोनू, मी शामरावले हो म्हणून राहिली. तुले विचारून नाही राहिली, सांगून राहिली." मग बराच वेळ ती ऐकत राहिली. "लोकाइचं मी पाहून घेईन. तू जेवला का?"

तिने चहा आणला. साखर नव्हती. सगळ्यांनी तसाच प्यायला.

"थांबल्या कावून?" ती मला म्हणाली. "कुत्र्याचं काय झालं, वाचा."

नोव्हेंबरात लग्न झालं. मोनू आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात दोन दिवसांसाठी म्हणून आला आणि आठ दिवस राहिला. शामरावांनी त्याला रेल्वेतले किस्से ऐकवले, त्यातले निम्मे खोटे असावेत. आमच्याकडे डबा येणं बंद झालं. चंपतरावांना ते जड गेलं.

खोक्यातली बाकीची पुस्तकं मी नंतर एकटीने वाचली. शेवट सगळ्यांचा सारखाच, लग्न होतं. चंपतराव विचारायचे, ठाऊकच आहे तर वाचतेस कशाला? शेवट चांगला होणार हे ठाऊक असलं म्हणजे माणूस बिनघोर हसतो. आणि हसताना त्याला जे ऐकू येतं, ते एरवी तो ऐकून घेत नाही. मला तरी एवढंच समजलं.

जया आणि शामराव चार वर्षं सोबत राहिले. शामराव 9 मार्च 2023 ला, गुरुवारी सकाळी, जुनवानीच्या घरी वारले.