आवाजाचा एकच ट्रॅक

तिसरं सॉफ्टवेअर उतरवून घेताना गुरुबसप्पाला वाटलं, आता यानंही तोंड फिरवलं तर कॉम्प्युटर उचलून माळ्यावर टाकावा. सात रस्त्याजवळ तीस वर्षं लग्नाच्या शूटिंगचं दुकान चालवलेला माणूस तो. लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी नावनिशीवार लावून दिल्या, आणि घरचे व्हिडिओ मात्र एका हार्डडिस्कमध्ये कोंबलेले.

त्याची लेक काव्या रविवारी पुण्याहून यायची होती. फोनवर ती सहज म्हणाली होती की आईचा चेहरा आठवतो, पण आवाज आठवत नाही. तेवढा शोधून ठेवा. त्याची बायको नागव्वा गेली तेव्हा पोर सहा वर्षांची होती. तेव्हापासून पाच दिवस गुरुबसप्पा याच उद्योगाला लागला होता.

पहिल्या सॉफ्टवेअरनं सगळं तारखेप्रमाणे लावलं आणि बारसं, जावळ, गड्ड्याची जत्रा एकाच दिवशी उरकून टाकली. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष, कॅमेऱ्यात तारीख घालायचा कंटाळा गुरुबसप्पानंच केलेला. दुसरं जरा जास्तच शहाणं निघालं. त्यानं इंटरनेटवर चौकशी करून काव्याच्या वाढदिवसावर कुठल्याशा नटीचं पोस्टर चिकटवलं. गुरुबसप्पाच्या नाकी नऊ आले.

तिसऱ्याला मात्र माणसं ओळखता येत होती. नागव्वाचा एक फोटो दाखवला, आणि चहा निवेपर्यंत त्यानं तिचे एकसष्ट व्हिडिओ एका रांगेत मांडले. गुरुबसप्पाला भरून आलं. त्यानं पहिला लावला. कुंभारी गावच्या शेतात नागव्वा पोरीला भाकरी भरवत काहीतरी बोलत होती आणि वरून सनई वाजत होती. दुसऱ्यात बासरी. तिसऱ्यात पुन्हा सनई.

एका व्हिडिओत दोन आवाज ठेवायची सोय असते; खालचा दबला असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि सेटिंग धुंडाळलं. सॉफ्टवेअरनं सरळ दाखवलं: आवाजाचा ट्रॅक, एक. एकसष्टच्या एकसष्ट ठिकाणी एकच.

मग त्यानं हात टेकले. इतके दिवस चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. त्या काळी मूळ आवाज म्हणजे कचरा: भांडी, कुत्री, बायकांची बडबड. तो पुसून वर संगीत घातलं की गिऱ्हाईक खूश. घरचे व्हिडिओही त्यानं हौसेनं तसेच सजवले आणि मूळ कॅसेटवर पुढच्या हंगामातली लग्नं घेतली. धंद्याची रीतच होती ती. बायकोला आपल्याच हातानं मुकं केलं, हे कळायला त्याला वीस वर्षं लागली.

रविवारी काव्या आली तेव्हा त्यानं काही न लपवता सांगून टाकलं. ती रागावली नाही, हेच त्याला जास्त लागलं. भाकरीचा व्हिडिओ लावून तिनं सनई बंद केली आणि आईच्या ओठांकडं बघत राहिली. मध्येच नागव्वा कॅमेऱ्याकडं वळून हसत काहीतरी म्हणाली. काव्यानं तेवढंच चार वेळा मागं नेऊन पाहिलं.

"आप्पा, ती तुमच्याशी बोलतीय की," ती म्हणाली. "काय म्हणाली?"

गुरुबसप्पा ओठांकडं बघत राहिला. मराठी की कानडी, तेही उमगेना. त्या दिवशी शूटिंग करताना त्याच्या कानाला हेडफोन होता; शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

"ध्यानात न्हाय बाळ," तो म्हणाला. "मी कॅमेऱ्यातून उजेड बघत हुतो."