मुग्धाच्या बैलाची चाल

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी माझी नात मुग्धा तिचा लाकडी बैल फरशीवर ओढत होती. बैल एका अंगाला झुकायचा, सावरायचा, मान खाली टाकायचा, पुन्हा वर करायचा.

"आजी, चाकाचं भोक मुद्दाम बाजूले पाडलं," ती म्हणाली. "बैल मोटारीसारखा घसरत काहून जाईल? चालला पाहिजे ना."

पुठ्ठे एकावर एक चिकटवून तिने ती चाकं केली होती. मी बघतच राहिले. मौद्याकडच्या आमच्या शेतातून बैल संध्याकाळी असाच परतायचा, खांदा टाकत, जड पावलांनी. या पोरीने बैल पाहिला तो रस्त्यावर, तोही उभा. मग ही चाल तिच्या हाताला कुठून कळली?

रामदासपेठेतल्या आमच्या सोसायटीत तान्ह्या पोळ्याला स्पर्धा असते. बैल पोरांचे, पण सजवतात आया-बाप. गेल्या वर्षी माझ्या सुनेने, दीप्तीने, सजवलेल्या बैलाला पहिलं बक्षीस मिळालं. मुग्धाने फक्त दोरी धरली होती.

यंदाही मुग्धा शिकवणीला गेली तशी दीप्तीने जरीची झूल काढून बैलावर घातली, आणि चाकं बदलली.

"तिनं मुद्दाम तशी केली आहेत वं," मी म्हटलं.

"आई, वाकडी आहेत ती. सगळे हसतील पोरीला."

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैलांची रांग लागली. मुग्धाने दोरी ओढली. बैल गुळगुळीत सरकला. ती थांबली.

"माझी चाकं कुठं आहेत?"

"गॅलरीत. पण मुग्धा, आता..."

ती जिन्याकडे पळाली. रांग खोळंबली.

"काय वं दीप्ती," शेजारची कामिनी म्हणाली, "यंदा पंक्चर का?"

मुग्धा धापा टाकत परतली आणि जमिनीवर बसून नवी चाकं उपसू लागली. चाकांच्या आसाची तार वाकली. दीप्ती पटकन खाली वाकली.

"दे, मी लावते."

"आई, हात नको लावू."

मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. दीप्तीने हात मागे घेतले. मुग्धाने दातांत धरून तार सरळ केली, चाकं बसवली. झूल चाकात अडकत होती, म्हणून ती काढून आईच्या खांद्यावर टाकली.

तोरण तोडलं आणि पोळा सुटला. इतर बैल घरंगळत पुढे गेले. आमचा बैल मात्र चालू लागला. उघडा, एकेक पाऊल टाकत, मान हलवत. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या महादेवरावांनी, ज्यांची अजून काटोलला शेती आहे, नकळत हात जोडले.

"आई, हे तिला कोणी शिकवलं?" दीप्तीने हळूच विचारलं.

"मले काय माहीत. आपण तर नाही."

परीक्षक काय लिहीत होते ते दीप्तीने पाहिलंच नाही. मुग्धा बैल घेऊन गेटाकडे वळली, तशी दीप्तीही झूल खांद्यावर तशीच ठेवून तिच्या मागे निघाली, थोडं अंतर राखून.