डोळ्याचं भेटत नाई

वच्छलाला डावीकडून आलेलं माणूस दिसत नाही, हे तिचं तिलाच बरेच दिवस कळलं नव्हतं. शेजारीण दारात येऊन उभी राहायची आणि ही दचकायची. भाताच्या गंजाला कोपर लागून तो चुलीवरून कलंडायचा. आपलंच ध्यान नसतं, असं तिला वाटे. नवरा, नानाजी, म्हणायचा, "नंबर वाढला असन. चल, चष्मा बदलू."

नानाजी भद्रावतीबाहेरच्या पाइपांच्या कारखान्यात फिटर होता. कंपनीनं कामगारांचा आणि त्यांच्या घरच्यांचा दवाखान्याचा विमा काढला, तेव्हा साहेबांना चार गोष्टी विचारून आलेला तो एकटाच. आल्या आल्या त्यानं चाळीत सांगून टाकलं, हाडाचं भेटते, पोटाचं भेटते, दाताचं आन् डोळ्याचं भेटत नाई. तेव्हापासून कोणाला काही झालं की बायामाणसं आधी नानाजीला विचारत.

चष्म्यावर चष्मे झाले. शेवटच्या खेपेला चंद्रपूरचे चष्मेवाले जाहिदभाई म्हणाले, "भाभी, खालच्या ओळीपर्यंत वाचता तुमी. नंबर तर बरोबर हाय. एकदा डोळ्याच्या डॉक्टरले दाखवून घ्या."

रस्त्यावर आल्यावर नानाजी बोलला, "डॉक्टरकडे गेलं का तपासण्याच तपासण्या. विम्यात डोळे नाईत. कुठून आणाचं?"

वच्छलाला ते पटलं.

भावाच्या, डोमाच्या, नातवाचं बारसं होतं म्हणून ती चामोर्शीला गेली. बाजारात सायकलवाल्याची धडक बसून ती रस्त्यावर पडली. गुडघा सोलपटला. डोमानं तिला उठवलं.

"बाई, एवढी घंटी वाजवून राह्यला होता तो. दिसला नाई का तुले?"

"नाई."

"बाजूलेच तर होता!"

दुसऱ्या दिवशी डोमानं तिला एसटीत बसवून गडचिरोलीला डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी वच्छलाला एक डोळा झाकायला लावला. "माझ्या नाकाकडे बघा. बाजूनं बोट आणते. दिसलं की सांगा." वच्छला वाट पाहत बसली. बाईंनी अजून सुरुवात केली नाही, असंच तिला वाटत होतं. मग एकदम बोट नाकाजवळच दिसलं.

"काचबिंदू आहे," बाई म्हणाल्या. "डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. समोरचं दिसत राहतं, कडेचं जात राहतं."

"चष्म्यानं वापस येईन का?"

"नाही. गेलेलं येत नाही. उरलंय ते राखायचं. तुम्हाला ऑपरेशन करावं लागेल. विमा आहे का?"

"कंपनीचा हाय. पन त्याच्यात डोळ्याचं भेटत नाई."

"चष्म्याचं मिळत नसेल. नंबर काढायचं मिळत नसेल. हा नंबर नाही, आजार आहे. पोटाचा असतो तसाच डोळ्याचा. भरती होऊन ऑपरेशन केलं तर बहुतेक विम्यात बसतं. ऑफिसात नीट विचारा."

बाहेर बाकावर डोमा चिडला. "भाऊजीनं काऊन असं सांगतलं मंग?" वच्छला गुडघ्यावरची पट्टी चाचपत राहिली. ऊन फार होतं. तिला तहान लागली होती, एवढंच तिला कळत होतं.

घरी आल्यावर तिनं सगळं नवऱ्याला सांगितलं. "डॉक्टरले काय मालूम आपल्या कंपनीचं?" म्हणाला तो, पण सकाळी ऑफिसात गेला. परत आला तो चपला न काढताच खाटेवर बसला.

"भेटते," तो म्हणाला.

ती तांदूळ निवडत होती.

"तवा मी चष्म्याचं इचारलं होतं. साहेब म्हणे, नाई भेटत. मले वाटलं डोळ्याचंच नाई भेटत."

"पयलेपासूनच भेटत होतं?"

"हो."

"चहा ठेवू?" तिनं विचारलं.

ऑपरेशन नागपूरला झालं. खर्च विम्यानं दिला. चष्मा तेवढा घरच्या पैशानं घ्यावा लागला. नानाजी दवाखान्यात तिच्या उशाशी खाली निजला, घरी आल्यावर तिच्या डोळ्यांत न चुकता थेंब टाकू लागला. चाळीत दारोदार जाऊन, आपण सांगितलं होतं ते चूक होतं, असं सांगून आला. एकदा थेंब टाकता टाकता त्याचेच डोळे भरले. वच्छलानं ते पाहिलं. आता आपल्याला राग येईल, नाहीतर रडू येईल, म्हणून ती थांबली. काहीच आलं नाही. "झालं का?" तिनं विचारलं आणि पदरानं गाल पुसला.

तिला त्याचं वाईट करायचं नव्हतं. त्याच्यासाठी ती भाकर टाकायची, डबा भरायची. फक्त तो काही सांगू लागला की तिचं लक्ष राहत नसे. त्याचे ओठ हलताना दिसायचे, आणि मग तो थांबलेला दिसायचा.

धान कापणीच्या दिवसांत डोमा तिला न्यायला आला. नानाजी स्टँडपर्यंत पिशवी घेऊन आला, खिडकीजवळची जागा धरून दिली, थेंबांची बाटली कोणत्या कप्प्यात आहे ते दोनदा सांगितलं. गाडी सुरू झाली तसा त्यानं विचारलं, "कवा येशीन?"

"पाहू," ती म्हणाली.

तिला खरंच माहीत नव्हतं. डोमानं तिकिटं काढली. वच्छला समोरच्या सीटच्या दांडीला धरून सरळ बसून राहिली.