सिस्टरांची निळी गाडी

मित्रांनो, आधी माझ्याकडे नीट बघून घ्या, वय नंतर विचारा. मी एक जुनी मोटारगाडी आहे. माझा रंग निळा आहे, शाईच्या दौतीत डोकावल्यावर दिसतो तसा. दोन पावलांवर उभे राहिलात तर माझ्या दारात तुम्हाला तुमचा शर्ट बटणांसकट दिसेल. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी बढाई आहेच. पण ती मला फुकट मिळालेली नाही. एका म्हाताऱ्या माणसाने त्यासाठी चार दिवस घाम गाळला, आणि त्याचीच हकिगत मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रे वाकले, ठिणग्या उडाल्या, मग रंगाच्या खोलीत माझ्या अंगावर एकावर एक थर चढले. अगदी शेवटी पांढरे हातमोजे घातलेल्या एका तपासनीस बाईने माझ्या टपापासून दिव्यांपर्यंत तळहात फिरवला. कुठे खडबडीत लागले नाही. "जाऊ द्या हिला," ती म्हणाली. ही मला मिळालेली पहिली शाबासकी.

मला घेतले एका नर्सबाईंनी. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. दवाखान्यापासून लांब राहणाऱ्या बायकांची बाळंतपणे त्या घरी जाऊन करत. माझ्या मागच्या सीटवर त्यांची पिशवी, तान्ह्या बाळांचा वजनकाटा आणि घडी घातलेले टॉवेल कायम असत. मी गल्लीत वळले की आतून आवाज येई, "आली, आली! सिस्टरांची निळी गाडी आली!" आणि कितीतरी वेळ येरझाऱ्या घालणारा एखादा बाप मटकन पायरीवर बसे. तीन बाळांना तर तेवढाही धीर निघाला नाही. ती माझ्या मागच्या सीटवरच जन्मली. इतर गाड्या आपण किती किलोमीटर धावलो ते सांगतात. मी बाळे सांगते.

सिस्टरांचे यजमान टेलर होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत, सिस्टरसुद्धा. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे दुकान होते. गाडी चालवायला ते कधीच शिकले नाहीत. "माझ्या मशीनला एक चाक आहे, तेवढं मला पुरतं," असे ते म्हणत. माझ्यात बसले की गुडघे जुळवून, वरची कडी घट्ट धरून बसत.

"अगं हळू, पुढे वळण आहे."

"दिसतंय मला. तुम्ही डोळे उघडा, म्हणजे तुम्हालाही दिसेल."

असे आमचे दिवस मजेत गेले. मग सिस्टर निवृत्त झाल्या. त्यांचे गुडघे कुरकुरू लागले. क्लच दाबताना तोंडून "आई गं" निघू लागले. एक दिवस त्यांनी मला घराच्या कडेच्या शेडमध्ये उभे केले, हँडब्रेक ओढला आणि किल्ली कपाटात ठेवून दिली. सुरुवातीला त्या येऊन मला पुसून जात. मग तेही राहिले. माझ्या टपावर एक रिकामे खोके आले, मग रद्दीचे गठ्ठे, मग एक मोडकी खुर्ची. शेजारच्या झाडाचा चीक बॉनेटवर ठिबकून वाळला. कबुतरांनी आपले काम चोख बजावले. ऊन तिरपे येई त्या बाजूचा माझा रंग आधी फिका पडला, मग पांढुरका झाला, जुन्या पाटीवर खडूचे हात फिरावेत तसा. एकाने तर मागच्या काचेवरच्या धुळीत बोटाने 'भंगार' असे लिहिले. मला वाचता येत नाही, असे त्याला वाटले असावे. माझ्या आतल्या आरशात तो शब्द रोज दिवसभर दिसत असे. पाच वर्षे गेली.

मग एका सकाळी सिस्टर न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. रुग्णवाहिका आली आणि माझ्या समोरून त्यांना घेऊन गेली. आयुष्यभर मी अडल्यानडल्यांना वेळेवर पोचवले, आणि सिस्टरांची पाळी आली तेव्हा जागची हललेसुद्धा नाही. मित्रांनो, त्या दिवसाइतकी मी कधी खजील झाले नव्हते.

आठ-दहा दिवसांनी मास्तर शेडमध्ये आले. एकटेच. त्यांनी खुर्ची उतरवली, गठ्ठे उतरवले, खोके उतरवले. खिशातून फडके काढले आणि माझे बॉनेट पुसायला सुरुवात केली.

"मास्तर! हात थांबवा आधी!"

भिंतीपलीकडून शेजारचे पेंटर ओरडले. त्यांचा सारा जन्म गाड्या रंगवण्यात गेला होता. हातात चहाचा कप घेऊन ते तसेच आत आले.

"पुसतोय नुसतं," मास्तर म्हणाले.

"पुसत नाही, घासताय. ती धूळ म्हणजे बारीक वाळू आहे. चांगल्या कापडावर तुम्ही गंजकी इस्त्री फिरवाल का?"

मास्तरांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. बॉनेटवर चार ओरखडे उठले होते. मास्तरांनी त्यांवरून अलगद बोट फिरवले. मग म्हणाले, "पेंटर, शनिवारी हिला दवाखान्यातून सोडतायत. माझ्याकडे चार दिवस आहेत. मला शिकवा."

"टॅक्सी करा की. हा खटाटोप कशाला?"

"लेकही तेच म्हणते." मास्तर खाली बघत बोलू लागले. "ऑपरेशन चांगलं झालंय हो. डॉक्टर म्हणतात, उभ्या राहा, चाला. पण ही उठतच नाही. दोघी जणी दोन्ही बाजूंनी धरतात, तेव्हा कशीबशी खाटेवरून खुर्चीत येते. जिनं एवढ्या बायकांना दटावून दुसऱ्या दिवशी चालतं केलं, ती भिंतीकडे तोंड करून पडलीय. काल मला म्हणाली, मास्तर, गाडी देऊन टाका. तिचंही झालं, माझंही झालं." त्यांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. "त्यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. मग ठरवलं, काही बोलायचंच नाही. गाडीच घेऊन जायची."

पेंटरांनी कप भिंतीवर ठेवला. "दोन बादल्या आणा," ते म्हणाले.

एका बादलीत साबणाचे पाणी, दुसरीत नुसते. आधी पाण्याची धार सोडून त्यांनी सगळी धूळ सुटू दिली. मग टपापासून खाली. फडके साबणाच्या पाण्यातून माझ्या अंगावर, तिथून साध्या पाण्यात, पिळून पुन्हा साबणात. चाकांसाठी वेगळे फडके, तेही सगळ्यात शेवटी. कबुतरांची नक्षी आणि वाळलेला चीक यांच्यावर ओले कापड ठेवून वाट बघायची. नखाने खरवडायचे नाही. किती वर्षांनी माझ्या अंगाला पाणी लागत होते! दारांच्या फटींतून काळे ओघळ निघाले. मागच्या काचेवरचा तो शब्द पहिल्याच धारेत वाहून गेला. तो कोणत्या बाजूला गेला ते मी बघितलेसुद्धा नाही.

कापडाचा विषय निघाला तेव्हा मात्र मास्तरांनी पेंटरांना बोलू दिले नाही. "ते माझं खातं," म्हणाले. त्यांनी जुने फ्लॅनेलचे शर्ट काढले आणि बटणे कापून टाकली. पेंटर म्हणाले, "बास की आता." "बास कसं? शिवण राहिलीय. दोऱ्याची गाठसुद्धा ओरखडा काढेल." आणि त्यांनी शिवण न् शिवण उसवून सपाट तुकडे केले. पेंटरांनी एक तुकडा उचलून पाहिला आणि मान डोलावली. दोघांनाही काम जाणणारी माणसे ओळखता येत होती.

दुसऱ्या दिवशी पॉलिश. पेंटरांनी माझ्या काळ्या रबरावर कागदी पट्ट्या चिकटवल्या आणि एका वेळी वीतभरच जागा घ्यायला सांगितले. बॉनेटजवळ स्टुलावर बसून मास्तरांनी पॉलिश घेतले आणि गोल गोल हात फिरवू लागले. थोड्या वेळाने त्यांनी फडके उलटून पाहिले आणि घाबरून उभे राहिले.

"पेंटर, रंग निघतोय! फडकं निळं झालं!"

"निघणारच. जुन्या पद्धतीचा रंग आहे. तो वरचा मेलेला थर, मास्तर. खाली जिवंत आहे. घासा."

मास्तर पुन्हा बसले. आणि आता एक गोष्ट सांगते, जी फक्त मला कळली. मास्तरांचा उजवा हात थरथरत असे. दोन वर्षांपूर्वी सुईत दोरा जाईना, काजे वाकडी येऊ लागली, तेव्हा त्यांनी दुकान बंद केले होते. लोकांपुढे तो हात ते खिशातच ठेवत. सुरुवातीला माझ्या बॉनेटवर तो हात पानासारखा थरथरला. पण तळहात टेकला, वजन पडले, एकावर एक वळसे सुरू झाले आणि थरथर कमी कमी होत गेली. दुपारपर्यंत ते चक्क शीळ घालत होते. बॉनेटचा वीतभर तुकडा निळा झाला, मग दुसरा, मग त्यांना जोडणारा तिसरा. त्यांनीच उठवलेल्या चारपैकी तीन ओरखडेही त्यात विरून गेले. एक तेवढा बारीकसा राहिला. "राहू दे," पेंटर म्हणाले. "मालकाची सही आहे."

तिसरा दिवसही पॉलिशमध्येच गेला. मास्तरांची पाठ आखडली, दंड भरून आले. तेवढ्यात गॅरेजवाल्याने येऊन माझी बॅटरी, तेल, टायर बदलले आणि ब्रेक तपासून दिले. इंजिन तीनदा खोकले आणि चौथ्यांदा लागले. मी बेसूर वाजले असेन, पण पेंटरांनी टाळ्या वाजवल्या.

शुक्रवारी वॅक्स, म्हणजे गाडीचे मेण. "भाकरीला तूप लावताय असं नका लावू," पेंटर बजावत होते. "पातळ. दिसता कामा नये इतकं पातळ." लावायचे, पांढरी साय धरेपर्यंत थांबायचे, मग स्वच्छ कापडाने उजळायचे. शेवटचे कापड फिरले तेव्हा शेडबाहेरचे अख्खे झाड माझ्या दारात उभे होते. संध्याकाळी लेक आली. ती मला ओलांडून थेट घराकडे गेली, पायरीवर थबकली, उलटी आली.

"बाबा," ती म्हणाली, "ही आपली?"

"नाही, शेजाऱ्यांची मागून आणली," मास्तर म्हणाले आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला.

शनिवारी लेकीने मला चालवले. मास्तर शेजारी, गुडघे जुळवून, कडी धरून. दवाखान्याच्या दारासमोर आम्ही थांबलो. दोघी नर्सनी चाकांच्या खुर्चीतून सिस्टरांना बाहेर आणले. त्या वाळल्या होत्या. मान खाली, हात मांडीवर. त्यांनी मला पाहिलेच नाही. मी तिथे एवढी चमकत उभी, आणि त्यांचे लक्ष फरशीकडे!

मास्तर पुढे झाले आणि त्यांच्या खांद्यावरची शाल नीट करू लागले. सिस्टरांची नजर त्यांच्या बोटांवर गेली आणि एकदम चेहरा बदलला.

"नखं निळी आहेत तुमची!"

"अगं, ते..."

"कधीपासून? दम लागतोय का? छातीत दुखतंय?" आणि मित्रांनो, जिला दोघी जणी धरून उठवत होत्या, ती बाई खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उभी राहिली. एक हात मास्तरांच्या नाडीवर, दुसऱ्याने खालची पापणी ओढून डोळा बघतेय. "थरथरताय पण केवढे! बसा. या खुर्चीत बसा आधी. अगं पोरींनो, ऑक्सिजन आणा कुणीतरी, नुसत्या बघत काय उभ्या राहिलात!"

"सिस्टर," मास्तर कसेबसे म्हणाले. "मला काही झालेलं नाही. रंग आहे तो. तिचा."

आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

सिस्टरांनी मान वळवली. मग त्यांनी नाडी सोडली. हात मात्र सोडला नाही.

"तुम्ही केलंत हे? या हातानं?"

"याच."

"आई," लेक हळूच म्हणाली, "तू उभी आहेस."

"मग? गाडीत बसायला उभं राहावंच लागतं," सिस्टर करड्या आवाजात म्हणाल्या. "तो वॉकर द्या इकडे." सात पावले. मी मोजली. प्रत्येक पावलाला त्या ओठ चावत होत्या. माझ्याजवळ पोचल्यावर त्यांनी वॉर्डात खाटा तपासाव्यात तशी माझी तपासणी केली. दाराच्या कडीखाली बोट फिरवले, मेणाचा पांढरा कण वर काढला आणि मास्तरांसमोर धरला.

"इथं राहिलंय."

"होय सिस्टर," मास्तर म्हणाले आणि खिशातून फ्लॅनेलचा तुकडा काढून ते तिथेच, सगळ्या दवाखान्यादेखत, पुसू लागले. मला मिळालेल्या सगळ्या शाबासक्या एका पारड्यात घाला; तो ओरडा मला त्यांच्याहून जास्त प्रिय आहे.

आता दर रविवारी सिस्टर खुर्ची टाकून शेडच्या दारात बसतात आणि सूचना करतात. मास्तर ऐकल्यासारखे करतात.

मित्रांनो, तुमच्याही घराशेजारी, एखाद्या शेडमध्ये माझ्यासारखी कोणीतरी उभी असेल. तिला बादलीभर पाणी द्या, मऊ कापड द्या आणि घाई करू नका. वरचा थर फिका पडला म्हणून खालचा रंग गेला असे समजू नका. तो तिथेच असतो, हात लागायची वाट बघत. आणि काम झाले की लगेच बादल्या आवरायला धावू नका. दोन पावले मागे जा आणि डोळे भरून बघा. आम्हाला तेवढेच हवे असते.